भाऊजींचं ‘थांब’

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती आणि दोन भाऊजींच्या. मोठी चादर एकट्या माणसाला धड घडी घालता येत नाही, म्हणून मी त्यांना हाक मारली होती. पहिली घडी झाली, झटकून झाली, आणि टोकाला टोक जुळवायला मी त्यांच्याकडे चालत गेले, तर ते जागचे हलेनात. मुठी आवळून उभे.

"वहिनी," ते म्हणाले, "मिस्त्रींचा श्वास चांगला होता."

मला आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा चादर आमच्या दोघांच्या मध्ये लोंबत राहिली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न करून आले तेव्हा ते मिसरूड फुटायच्या वयात होते, आणि अजूनही आमच्यातच राहतात, जिन्यालगतच्या खोलीत. शाळेशी त्यांचं पटलं नाही. ह्यांनी ओळखीनं त्यांना लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत चिकटवलं, तिथल्या जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली. तेव्हापासून ते शहरभरच्या इमारतींच्या पोटात काम करतात. लिफ्ट ज्यातून वरखाली जाते त्या उंच अंधाऱ्या पोकळीला ते शाफ्ट म्हणतात. संध्याकाळी घरी आले की कॉलरला ग्रीस, आणि साबणानं न जाणारा वास.

त्यांच्या अंगी एक गुण मात्र देवानं घातलेला आहे. कान. यंत्र बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो म्हणतात, आणि तो बदल भाऊजींना सगळ्यांच्या आधी ऐकू येतो. एकदा ह्यांच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो. साहेब पदोन्नतीबद्दल बोलत होते, हे मान डोलवत होते, आणि भाऊजी साहेबांच्या फ्रिजकडे तोंड करून बसलेले. मध्येच म्हणाले, "हा आता थोड्या दिवसांचा सोबती आहे." साहेबांना वाटलं, ह्यांच्याबद्दलच बोलले, हे नोकरी सोडणार! फ्रिज पुढं बंद पडला खरा. पदोन्नतीही तिथंच थांबली. हे अजून म्हणतात, "माझ्या भावाचा कान सोन्याचा आणि जीभ पत्र्याची."

मिस्त्री त्यांना कानसेन म्हणतात. मिस्त्रींनीच तो कान घडवला. लिफ्टच्या टपावर अंधारात शेजारी बसवून विचारायचे, "सांग, दोर बोलतोय का बेअरिंग?" चुकलं की टपली. आमचे सासरे लवकर गेले. भाऊजींना बापाच्या जागी कोण, असं विचारलं तर मी मिस्त्रींकडेच बोट दाखवीन.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. एकजण शाफ्टमध्ये टपावर असतो, दुसरा गच्चीवर मशीनच्या खोलीत. दोघांपैकी कुणीही "थांब" म्हणालं की दुसऱ्यानं तत्क्षणी थांबायचं. वयाचा मान नाही, हुद्दा नाही, अहो-जाहो नाही. आणि का, ते तिथं विचारायचं नाही. दोघं सुखरूप खाली आल्यावर विचारायचं. मिस्त्री म्हणतात, "का विचारणाऱ्यांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत."

आता डोंगराचं. शहरातल्या कुठल्याही उंच गच्चीवरून तो दिसतो. दुपारी मशीनच्या खोलीबाहेर सावलीत डबा खाताना ही जोडगोळी वर्षानुवर्षं तो बघत आलेली. मिस्त्री म्हणायचे, "जन्मभर लोकांना वर नेलं रे, कानसेन. आपण मात्र वर गेलो ते दोराला लोंबकळून. एकदा आपल्या पायांनी जाऊ." गुडघे अजून ऐकतात तोवर जाऊ, असं करत करत गेल्या रविवारी निघाले. मी देवापुढं बसून दोघांसाठी मागणं मागितलं आणि डबे भरून दिले. मिस्त्रींनी नवे बूट घेतले होते. ते दाखवायला आदल्या दिवशी येऊन आमच्या पुढच्या खोलीत चालून गेले, लहान मुलासारखे.

परत आले ते उजेड असतानाच. भाऊजींचा चेहरा उतरलेला.

"शिखर झालं?" ह्यांनी विचारलं.

"नाही. थोडक्यात राहिलं. मिस्त्रींचा श्वास बदलला. मी म्हटलं, थांब."

मी तिथल्या तिथं हात जोडले. म्हटलं, "देवानंच तुमच्या कानात सांगितलं, भाऊजी." आणि एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि मिस्त्रींच्या घरी फोन करून काकूंनाही सांगितलं की त्यांना जपा, आमच्या भाऊजींचा कान चुकत नाही.

त्या दिवसापासून भाऊजी विचित्र वागायला लागले. एरवी प्यायलेला पेला जागेवर ठेवणार नाहीत, आणि आता नळाची गळती काढली, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, मिक्सर उघडून पुसला, माझ्या शिवणयंत्राचा पट्टा बदलला. मी सुखावले. ह्यांनीच एकदा पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "काय रे, कुणाचा खून करून आलायस?" आम्ही हसलो. भाऊजी हसले नाहीत. मी ते पाहिलं आणि पुन्हा भाजी चिरायला लागले.

काल संध्याकाळी मिस्त्री आले. दारातच मी म्हटलं, "या, बसा, दमलात का?" तर म्हणाले, "ताई, हल्ली सगळे मला हेच विचारतात. दमलो नव्हतो, पण विचारून विचारून दमायला लागलोय." बसले. खांद्यावरची कामाची बॅग उतरवली. कातड्याची, कडा झिजलेली. त्यांच्या गुरूंकडून त्यांच्याकडे आलेली. ती त्यांनी भाऊजींच्या मांडीवर ठेवली.

"घे. आता तुझी."

"हे काय, मिस्त्री?"

"परवा सोमवार. ऑफिसात सांगतो, मला शाफ्टमधून काढा. मालाच्या खोलीत बसवा, नाहीतर घरी बसवा. डॉक्टर म्हणतो काही नाही. पण डॉक्टर नळी लावून ऐकतो. तू नळीशिवाय ऐकलंस." मग माझ्याकडं वळून, "ताई, तुमच्या दिरानं म्हातारा वाचवला. त्याचंही शिखर घालवलं मी. वर पोचायला अगदी जरासं राहिलं होतं. गलेलठ्ठ माणसं खाकरा खात आमच्या पुढं गेली, आणि हा माझ्यासाठी मागं फिरला. तोंडातून एक अक्षर नाही."

मिस्त्रींचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "देवाची कृपा म्हणायची." भाऊजी बॅगेचं बक्कल उघडत होते, लावत होते. मी समजले, गहिवरलेत.

आणि आज ही चादर.

"चांगला होता म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे जसा असतो तसा. चढावर भात्यासारखा वाजतो, नेहमीच. जिन्यानं गच्चीवर गेलो तरी वाजतो. त्यात बदल नव्हता."

"मग थांब कशाला म्हणालात?"

ते चादरीकडे बघत सांगत होते. शेवटच्या टप्प्याला डोंगराची एक अरुंद धार लागते. पाऊलवाट नीट आहे, माणसं जात-येत असतात, बायकामुलं जातात. पण दोन्हीकडं जमीन खाली निघून गेलेली. मिस्त्री पुढं होते, नव्या बुटांत, गुणगुणत. भाऊजींनी पाऊल टाकलं आणि पाय खिळले.

"मी तर उंचीचंच खातो, वहिनी. वीस-वीस मजले खाली दिसत असतात, मला काही वाटत नाही. पण शाफ्टमध्ये चारी बाजूंना भिंत असते. हात लांब केला की भिंत. तिथं भिंतच नव्हती. नुसतं आभाळ. मिस्त्री मागं वळून हसले असते, टपली मारली असती, हात धरून नेलं असतं. तेवढंच झालं असतं. पण माझ्या तोंडून ‘थांब’ निघालं."

"आणि ते थांबले."

"जागच्या जागी. पुढचं पाऊल उचललेलं होतं, ते तसंच मागं ठेवलं. वळले, माझ्या मागोमाग उतरायला लागले. का म्हणून विचारलं नाही. खाली पठारावर आलो, पाणी प्यायले, तेव्हा विचारलं, ‘बोल, का?’ खरं जिभेवर होतं. पण ते इतक्या काळजीनं बघत होते... मी म्हटलं, तुमचा श्वास."

मला राग आला. हो, आलाच. जिभेच्या टोकावर पहिलं काय आलं असेल, तर मी दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलंय, आता माझं काय! मग त्या बुटांतला माणूस डोळ्यांपुढं आला, आमच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालणारा, आणि काकू, माझ्या फोननंतर त्याला जिनाही चढू न देणाऱ्या.

"काल का नाही बोललात? समोर बसले होते."

"बॅग मांडीवर होती, वहिनी. इतकी जड लागली. आणि तुम्ही देवाची कृपा म्हणालात."

हे मात्र मला लागलं. रोज सकाळी डोळे मिटून त्याच्याशी बोलते मी, आणि घरात समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. ह्यांना आलं, पेपर वाचता वाचता. मला कौतुक हवं होतं, देवानं आमच्या घरात काहीतरी केल्याचं.

तरी सवयीनं तोंडातून निघालंच, "मनापासून सांगा देवाला. तो माफ करतो."

"देवाला सांगून झालंय," भाऊजी म्हणाले. "रोज सांगतोय. पण उद्या शाफ्ट सोडायला देव नाही निघालाय."

बाहेर कुणाची तरी सायकल घसटत गेली. भाऊजींनी मान वळवून तिकडं ऐकलं नाही, तेव्हा मला कळलं की हा माणूस आठवडाभर स्वतःखेरीज काहीच ऐकत नाहीये.

"मग जा आत्ता," मी म्हटलं.

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"ज्या तोंडानं थांब म्हणालात तेच. दुसरं कुठून आणणार?"

"हसतील."

"हसू देत. एवढं हसणं चुकवायला त्यांचा धंदा घालवताय."

"हसले तर बरंच, वहिनी. नाही हसले तर? उद्या शाफ्टमध्ये मी थांब म्हटलं आणि त्यांना वाटलं, हा घाबरला असेल नुसता... आणि ते थांबले नाहीत तर?"

हे मला सुचलं नव्हतं. इतके दिवस हा माणूस काय घेऊन नळाच्या चकत्या बदलत होता ते आत्ता दिसलं. खोटं तसंच ठेवलं तर मिस्त्रींचं काम जातं. खरं सांगितलं तर कदाचित तो एक शब्दच जातो, ज्यावर दोघांचे जीव टांगलेले असतात. मी काही शहाणी बाई नाही. मला जे दिसलं ते बोलले.

"तो शब्द तुम्ही त्या धारेवरच खर्च केलात, भाऊजी. आता परत मिळवायचा तर त्यांच्याकडूनच मिळेल. मिस्त्री ठरवतील."

ते म्हणाले, "तुम्ही येता बरोबर?"

जीभ ‘हो’ म्हणायला निघाली होती. मी गेले असते तर अर्धं मीच बोलले असते, गोड करून, देवाला मध्ये घालून. म्हटलं, "नाही. मी काकूंना फोन करते. माझंही तिथं एक खोटं पडलंय, ते मला उचलायचंय."

त्यांनी चादरीची टोकं माझ्या हातात दिली. खोलीत गेले, शर्ट बदलला, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. हे पेपरावरून बघत होते. "कुठं निघाला?" म्हणाले. भाऊजींनी सांगितलं, "मिस्त्रींकडे. मी घाबरलो होतो, ते सांगायला." ह्यांनी चष्मा काढला. थट्टा करतील असं मला वाटलं. पण हे एवढंच म्हणाले, "रस्त्यात कुठं थांबू नकोस."

मी फोनपाशी गेले. चादर अर्धी घडी होऊन खुर्चीवर पडली होती. भाऊजींनी कोपऱ्यातली कातड्याची बॅग खांद्याला लावली आणि ती परत द्यायला ते मिस्त्रींच्या घरी गेले.