अक्काची कुंकवाची डबी

माझ्या थोरल्या जावेचं नाव मनकर्णा. आमी सगळे तिला अक्का म्हणतो. पेडगावात कुणाचा रेडिओ घरघर करायला लागला, कुणाच्या टीव्हीत मुंग्या आल्या, की माणसं आमच्या ओट्यावर येऊन विचारतात, "अक्का हाईत का घरी?" तिच्या नवऱ्याला कुणी विचारत न्हाई, माझ्या नवऱ्याला तर मुळीच न्हाई. परवा पिंगळीहून एक जण टीव्ही गोधडीत गुंडाळून, सायकलला बांधून घेऊन आला. आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तसा. मी त्याला चहा दिला अन् सांगितलं, "बसा, अक्का भाकरी थापायलीय. हात धुऊन येते." सांगताना माझीच मान ताठ झाली. माझं काय कर्तृत्व त्यात? पण जाऊ माझी हाय, मी का मिरवू नये?

पण हे आधीपासून असं नव्हतं बरं का. ह्या घरात अक्काला अकरा वर्षं हात बांधून बसवलं होतं. कुणी बसवलं तेही सांगते, मला काय भ्याव.

अक्काचे वडील परभणीला स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल अन् वर पत्रा. आई लवकर गेली, म्हणून ही पोर त्या टेबलापाशीच वाढली. तिचा भाऊ पंडित गल्लीत गोट्या खेळायचा तवा ही बापाच्या हाताखाली तारा झाळायची. पुढं दुकान पंडितनं चालवलं, ते रीतीनं झालं. पण त्र्याऐंशी साली अक्काचं लग्न ठरलं तवा बापानं तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली तीन वस्तू ठेवल्या. झाळायची विजेची सळई, झाळायच्या मऊ तारेचं, म्हणजे सोल्डरचं, वेटोळं अन् बारीकसारीक सामानाचा बिस्किटाचा डबा.

आमच्याकडं नव्या नवरीची पेटी गल्लीतल्या बायकांसमोर उघडतात. लुगडी निघाली, भांडी निघाली अन् मंग ती सळई निघाली. बायका एकमेकींकडं बघायल्या. आमच्या सासूबाई धुरपताबाई, आमी त्यांना आत्याबाई म्हणतो, त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय गं? आमच्या घरच्या सुना असली कामं करत न्हाईत. पेटीत ठेव अन् परत काढू नको."

अक्कानं ठेवली. मी दोन वर्षांनी ह्या घरात आले, मला तर हे ठाऊकसुद्धा नव्हतं. पण दर खंडेनवमीला बाप्ये बैठकीत विळा, कुऱ्हाड, पंपाचे पाने मांडून पूजा करायले की अक्का गुपचूप आतल्या खोलीत जायची. एकदा मी मागं गेले. पेटी उघडी, सळईला हळदीकुंकू अन् वर झेंडूचं एक फूल. मला बघून ती म्हणली, "कुसुम, कुणाला बोलू नको. हत्याराला वर्षातून एक डाव तरी फूल वाहावं." मी बोलले न्हाई. पोटात काही राहत न्हाई माझ्या, पण ते राहिलं.

आता छत्रीचं सांगते. त्र्याण्णवच्या दिवाळीत आमच्या सासऱ्यांनी, माणिकरावांनी, माळवदावर टीव्हीची ही एवढी मोठी जाळीची छत्री, डिश म्हणतात ती, बसवली. पेडगावात पहिली. सोबत नवा रंगीत टीव्ही अन् चॅनेल बदलायचा एक डबा. हे सगळं बैठकीत. जुना काळा-पांढरा टीव्ही आत माजघरात आला अन् त्याच्यावर मी विणलेलं फडकं पडलं, कारण त्याला छत्रीची वायरच नव्हती.

अन् बैठकीत बायकांनी जायचं न्हाई. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचं न्हाई, ही आमच्या घराची रीत. मामंजी आमच्याशी थेट बोलतसुद्धा नव्हते. पाणी पाहिजे असलं तर भिंतीकडं बघून म्हणायचे, "कुणी हाय का आत? तांब्या द्या म्हणावं." बैठक अख्खं जग बघायची अन् आमी दोघी दाराआडून फटीतून. आत्याबाईंना तर मोतीबिंदू. त्यांना नुसते रंग हललेले दिसायचे. "काय चाललंय गं?" असं त्या विचारायच्या अन् आमी कुजबुजत सांगायचो.

गिरणीवर एके दिवशी शेजारच्या चतुराबाईनं काढलंच. ह्या बाईच्या जिभेला धार हाय, चाकूला नसंल तेवढी. "काय मनकर्णा, घरावर एवढी छत्री अन् तुमी दाराआड? छत्री काय कावळ्यांना बसायला घेतली?"

गिरणीवरच्या साऱ्या बायका हसल्या. अक्का कधी तापत न्हाई, पण त्या दिवशी तापली. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या. आमच्या माजघरात मांडी घालून बघा."

"अन् न्हाई दिसला तर?"

"तर तुमच्या मनाला येईल ते करा."

"तर वाण तुमच्या ओट्यावर ठेवून जाईन," चतुराबाई म्हणली.

हळदीकुंकवाचं वाण दारात परत ठेवणं म्हणजे त्या घराच्या तोंडात मारणं. पण शब्द तर गेला होता, साऱ्या गल्लीसमोर.

अक्काचा बेत सरळ होता. पंडितला निरोप धाडायचा, तो परभणीहून येऊन जोडणी करून जाईल. तिनं स्वतः हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण त्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. परभणीत चौकाचौकात पोलीस, गाड्यांचा भरवसा न्हाई. आमचं हळदीकुंकू तिसऱ्या दिवशी होतं अन् पंडितचा निरोप आला, "आठ दिवस तरी जमत न्हाई."

मंग आमचे हे पुढं सरसावले. नाव घ्यायचं तर बन्सीधर, माझेच धनी. शेतातली मोटार, स्टार्टर ह्यांच्या हातानं चालतात, त्यामुळं विजेचं सगळं आपल्यालाच कळतं ही मिजास. "त्यात काय एवढं? एका वायरीवर दोन बल्ब लागतात, तर दोन टीव्ही का न्हाई लागणार?" अक्का दारातून हळूच म्हणली, "भाऊजी, ही वायर तशी नसते." ह्यांनी ऐकलं तर शपथ. डब्यातून निघणारी वायर कापली, सोलली, मधली तार अन् वरची जाळी सगळं एकत्र करून पंपाच्या वायरीसारखा करकचून पीळ मारला, वर काळी टेप गुंडाळली अन् दुसरं टोक चौकटीवरून माजघरात आणलं.

बटन दाबलं. माजघरात मुंग्या. बैठकीत त्याहून जास्त मुंग्या.

मामंजी चवताळले. "चांगला चालणारा टीव्ही मारला की रे! दोन्ही वावरं कोरडी करून ठेवली! परत कुणी त्या वायरीला हात लावला तर आतला टीव्ही विहिरीत टाकीन!" ह्यांनी मान खाली घालून पहिल्यासारखी जोडणी करून दिली. माजघरातली वायर तशीच लोंबत राहिली. मला हसूबी आलं अन् रडूबी आलं.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. सकाळी बाप्ये शेतात गेले. अक्का तिळगुळाचं ताट भरायली होती, पण हात चालत नव्हता. डोळ्यातून टिपं गळायली. मी ह्या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणल्या, "मनकर्णे, तुला येतंय का ते?"

अक्कानं पदरानं डोळे पुसले.

"मी विचारलं काय? येतंय का न्हाई?"

"येतंय, आत्याबाई."

"मंग बसलीस कामून? चतुरी माझ्या दारात वाण ठेवून जाईल? मी जिती असताना? काढ ती पेटी. मीच ठेवायला सांगितलं होतं, मीच काढायला सांगायलेय."

अक्का उठली ती अशी उठली, की मला तिची चालच ओळखू येईना. पेटी उघडली, सळई खाली ठेवली, बटन लावलं. अकरा वर्षं झाली, गरम होईल का न्हाई, आमी तिघी टक लावून बघायलो. जरा वेळानं तिच्यातून धुराची बारीक रेघ निघाली. आत्याबाईंनी वासावरून ओळखलं. "तापली गं तापली!" त्या लेकरासारख्या म्हणल्या.

अक्कानं मला दाखवत दाखवत काम केलं. "बघ कुसुम, ही मधली तार अन् ही भोवतीची जाळी. जाळी तारेला शिवली की चित्र मेलं. अन् दोन टीव्ही नुसते एकत्र बांधले तर एकमेकांचं ओढतात. दोघांना सारखं मिळेल अशी वाटणी करावी लागते." बिस्किटाच्या डब्यातून तिनं तीन रेझिस्टन्स निवडले, तांदळाच्या दाण्याएवढे, रंगीत पट्ट्यांचे. तिघांचं एकेक टोक मधे जोडलं. एका बाजूनं डब्याची वायर यायची अन् दोन बाजूंनी दोन टीव्हींकडं जायची. "आता ह्याच्याभोवती पत्रा पाहिजे," ती म्हणली, "बंद डबी, एवढीशी."

आत्याबाईंनी देव्हाऱ्यातून आपली कुंकवाची पत्र्याची डबी आणली, पुसली अन् पुढं केली. "माझ्या लग्नातली हाय. घे."

अक्कानं डबीला तीन भोकं पाडली, आत जोड बसवला, जाळ्या पत्र्याला झाळल्या, झाकण लावलं. मंग ती डबी वायरीला जोडायला ती बैठकीत गेली. त्या बैठकीत आमी कधी झाडू सोडून दुसरं काही हातात घेऊन गेलो नव्हतो. आत्याबाई ओट्यावर पहाऱ्याला बसल्या. पाच मिनिटांत अक्का बाहेर आली. बटन दाबून बघावं म्हणलं तर लाईट गेली.

दुपारी बाप्ये आले. कुणाच्या काही ध्यानात आलं न्हाई. चार वाजता बायका जमल्या, माजघर भरून गेलं. चतुराबाई बरोबर टीव्हीसमोर बसली. मी वाण वाटलं, प्लास्टिकच्या चाळण्या होत्या. चतुराबाईनं चाळणी पदरात बांधली न्हाई, मांडीवर ठेवली अन् टीव्हीवरच्या फडक्याकडं बघत बसली. तेवढ्यात लाईट आली. बैठकीत मामंजींनी टीव्ही लावल्याचा आवाज आला. अक्कानं फडकं काढलं अन् बटन दाबलं.

चित्र आलं! अगदी स्वच्छ, एक मुंगी न्हाई. पण चित्रात काय, तर फॉरेनचे दोन पैलवान, अंगावर चिंधीएवढी चड्डी, एकमेकांना उचलून आपटायले.

मंग माजघरात जो हशा पिकला, बाई गं! बायकांनी पदर तोंडात कोंबले. मी कपाळाला हात लावला. अक्का हळू म्हणली, "डबा एकच हाय गं. बैठकीत लागेल तेच इथं दिसणार."

चतुराबाई डोळे पुसत म्हणली, "हेच दाखवायला बोलावलंस व्हय? चित्र हाय, पण मर्जी तर बाप्यांचीच!" अन् तिनं मांडीवरची चाळणी हातात घेतली. खरंच उठायला लागली. अक्काचा चेहरा उतरला. बैठकीत जाऊन सासऱ्याला "चॅनेल बदला" म्हणायचं, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

पण हशा बैठकीत पोचला होता. मंग माजघराच्या दारात खाकरल्याचा आवाज आला. आमी पटापट डोक्यावर पदर घेतले. मामंजी दारात उभे होते. त्यांनी आतला टीव्ही बघितला, त्याच्यातले पैलवान बघितले अन् कानापर्यंत लाल झाले. गावच्या साऱ्या बायकांसमोर त्यांची आवड उघडी पडली होती. त्यांची नजर वायरीवरून सरकत चौकटीवर गेली. मला वाटलं, आता टीव्ही विहिरीत.

"हे कुणी केलं?" त्यांनी भिंतीला विचारलं.

आत्याबाई म्हणल्या, "तुमच्या थोरल्या सुनेनं. अन् भिंतीला काय विचारताव? ती समोर उभी हाय."

मामंजी भिंतीकडून वळले. मंग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अक्काकडं सरळ बघितलं. "मनकर्णा, दोन्हीकडं चित्र साफ हाय. मला कळलंसुद्धा न्हाई." अन् जरा थांबून, "आत काय लावायचं? सांग."

मीच मागून अक्काला ढोसलं. "गाणी लावा, मामंजी," ती म्हणली.

"कोणतं बटन?"

"वरचं डावीकडून... न्हाई, तसं न्हाई सांगता येणार."

"मंग ये," मामंजी म्हणले अन् दारातून बाजूला झाले. "तूच लाव."

अक्कानं पदर खोचला अन् उंबरा ओलांडला. बैठकीतले बाप्ये पाय आवरून घ्यायले, तिला वाट द्यायले. माजघरात आमच्यासमोर पैलवान गेले अन् गाणी सुरू झाली. आत्याबाई टीव्हीला नाक लावून बसल्या अन् दिसतंय म्हणून टाळ्या पिटायल्या.

चतुराबाई परत खाली बसली. तिनं चाळणी पदरात बांधली, दोन गाठी मारून. गाठी मी मुद्दाम मोजल्या.