अण्णाच्या लिंकपुढचं शून्य

आमचे वडील, अप्पा, जायच्या आधी दोन वर्षं मी दर रविवारी त्यांच्यापुढं फोन ठेवायचो आणि ते बोलायचे. करजगीतलं लहानपण, धम्म घेतला तेव्हा गावात झालेली बोलणी, कालव्याच्या कामावरची माणसं. मराठीत सुरू करून मध्येच कन्नडात शिरायचे. ते गेल्यावर मी रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवलं आणि घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. लिंक चांगली तीन ओळींची. अफजलपूरच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं फोन केला, "हे कसलं शेपूट धाडलास रे? अर्धं निळं दिसायलंय, अर्धं काळं. उघडंना."

मी हुमनाबादला एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. लिंक लहान करून देणाऱ्या साइटी पुष्कळ आहेत, पण त्या आज आहेत, उद्या नाहीत. घरातला जुना लॅपटॉप पुसून काढला, वेबसाइटसाठी एक छोटं नाव घेतलं आणि कुणीतरी फुकट वाटलेला साधा प्रोग्रॅम त्यावर बसवला. त्याचं काम एवढंच, एका बाजूला छोटा शब्द, दुसऱ्या बाजूला लांबलचक पत्ता. शब्द उघडला की माणसाला त्या पत्त्यावर नेऊन सोडायचं. अप्पा ज्याच्याविषयी बोलले होते, ते रेकॉर्डिंग त्याच्या लिंकवर लावलं. अक्काची वेगळी, पुण्यातल्या थोरल्या भावाची, अण्णाची वेगळी, काकांची वेगळी.

प्रत्येक शब्दापुढं तो किती वेळा उघडला, हेही प्रोग्रॅम लिहून ठेवायचा. मी ते मागितलं नव्हतं. पण बंदही केलं नाही.

लिंका धाडल्या त्याच दिवशी अण्णाचा मेसेज आला, "ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं." काकांनी हात जोडले. मी आकडे पाहिले. सगळ्यांपुढं निदान एक तरी होता. बरं वाटलं. मग वेळा नीट बघितल्या, तर प्रत्येकातला एक माझाच होता. लिंक पाठवताना माझाच फोन ती उघडून बघत होता. ते वजा केलं. काका दोन. अक्का एक. अण्णा शून्य.

वाटलं, लाईट गेली असेल, लॅपटॉप बंद पडला असेल. तेही तपासलं. तो दिवसभर चालू होता.

पुढं वर्षभर मी रोज बघत राहिलो. बायको म्हणायची, "कामून बघायलाव? बघून काय बदलणार हाय?"

अप्पांच्या वर्षाच्या कार्यक्रमाला सगळे करजगीला जमले. वंदना झाली आणि अण्णा बोलायला उभा राहिला. "अप्पांचा आवाज माझ्याकडं हाय. सकाळी उठलो की पयलं तेच ऐकतो." बायका डोळे पुसायला लागल्या. जेवणं झाल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. निदान तसं मला वाटलं; अक्का आणि काका मागंच होते.

"अण्णा, तू एकदाबी उघडलं न्हाईस. माझ्याकडं दिसतंय."

"म्हंजे तू आमच्यावर पाळत ठेवायलास? बापाच्या नावानं?"

"तसं न्हाई. त्यात तुझ्याविषयी बोललेत."

"मला काय बोलणार? दहा वर्षांचा व्हतो, सोलापूरला बोर्डिंगात टाकून मागं न बघता गेला. ऐकायचं न्हाई मला."

त्या रेकॉर्डिंगमध्ये अप्पा तेच सांगतात. मागं बघितलं असतं तर पोराला घेऊनच परतलो असतो, आणि सोलापूरपासून अफजलपूरपर्यंत बसमध्ये रडलो. हे मी तिथंच सांगायला हवं होतं. पण त्यानं मला चोर ठरवलं होतं, आणि मीही हट्टाला पेटलो. "ऐकशील तर कळंल," एवढंच म्हणालो. काका म्हणाले, "शिकलास म्हणून असं करतेत व्हय?" अण्णा तेवढ्यात गाडीत बसला.

संध्याकाळी अक्का भांडी आवरताना म्हणाली, "माझं किती दाखवतंय?"

"एक."

"व्हय. एकदा लावलं. त्यांनी 'बाई' म्हणून हाक मारली आन् माझ्यानं पुढं ऐकवलं न्हाई. बंद केलं. तू काय समजलास?"

मी काय समजलो होतो ते तिला सांगितलं नाही. वर्षभर मी तो एक बघून मनात तिला नावं ठेवली होती.

घरी येऊन मोजणं बंद केलं, जुने आकडेही पुसले. लिंका चालू आहेत. अण्णानं ग्रुप सोडलाय. मी दोनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. बसमधलं ते सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवलं. त्यानं वाचलंय. उत्तर आलं नाही.