बघितलेला ब्रेक

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या डोंगरातल्या एका लष्करी वर्कशॉपला होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. पहाटे पाचला फॉल-इनची हजेरी, सहाला गाड्यांची तपासणी, सातला गाड्यांचा कॉन्व्हॉय निघायचा. मी गाडी तपासून सही केली की ड्रायव्हरने निघायचं. मराठी बोलणारा ड्रायव्हर एकच, माझ्या निलंग्याजवळच्या देवणीचा गंगाधर, हुद्द्याने नाईक. दिवसभर हिंदी बोलून जीभ कंटाळायची, म्हणून आम्ही दोघं हट्टाने मराठीत बोलायचो.

एका सकाळी बर्फ पडत होता. निघायला दहा मिनिटं असताना गंगाधरने विचारलं.

"उस्ताद, ब्रेक जरा एका बाजूला ओढायलाय. बघितला का?"

"बघितला."

खोटं नव्हतं. पेडल दाबलं होतं, टॉर्च लावून खाली वाकून पाहिलं होतं. चाक मात्र काढलं नव्हतं. त्याला अर्धा तास लागला असता.

आठ चाळीसला रेडिओवर आवाज आला. "एक गाडी नीचे गई. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"निगेटिव्ह. ओव्हर."

चौकशीत गंगाधरच्या मृत्यूचं कारण लिहिलं गेलं, रस्त्यावरचा बर्फ. तसंच असेल. नसेलही. दरीतल्या त्या लोखंडात तपासायला काही उरलं नव्हतं.

निवृत्त होऊन मी निलंग्याला आलो. पाना पुन्हा हातात धरला नाही. कोणी विचारलं तर कंबर दुखते म्हणून सांगतो. त्यामुळे ब्रेक दाबला की माझी जुनी जीप डावीकडे ओढायला लागली, तेव्हा ती राजप्पा मिस्त्रीच्या गॅरेजला टाकली. राजप्पा पन्नाशीचा, गालात कायम सुपारी. दोन दिवसांनी जीप मिळाली. थोडं अंतर नीट चालली, मग येरे माझ्या मागल्या. पुन्हा नेली, पुन्हा तेच. गाडी ओढते की माझेच हात ओढतात, मला कळेना.

त्यात गुरुवारी देवणीला राहणाऱ्या गंगाधरच्या आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लातूरला न्यायचं मी कबूल केलं होतं. असल्या गाडीत त्या बाईला बसवायची माझी हिंमत होईना. बुधवारी सकाळी दहाला मी तिसऱ्यांदा गॅरेजला गेलो.

"राजप्पा, ब्रेक बघितला होतास ना?"

"हाव सायब, बघितला की. दोन्ही येळंला."

"चाक काढ."

त्याने उजवं चाक काढलं, ड्रम उतरवला. सिलिंडर गळून चाकाला धरणारे ब्रेक शू ऑइलने चिंब झाले होते. उजवी बाजू धरतच नव्हती, म्हणून गाडी डावीकडे जात होती. माझं डोकं फिरलं.

"हे बघितलंस तू?"

तो खरोखरच गोंधळला. "बघितला म्हणलो, सायब. खोलला कुठं म्हणलो?"

एक अस्सल फौजी शिवी माझ्या तोंडात तयार होती. ती बाहेर येईना. हेच वाक्य इतकी वर्षं मी मनातल्या मनात म्हणत आलो होतो. मी तिथल्या स्टुलावर बसलो. माझी शुगर उतरली असं वाटून राजप्पाने चहा सांगितला.

चहा पिऊन मी पाना मागितला. शू आणि सिलिंडर आम्ही दोघांनी मिळून बदलले. उरलेली तीन चाकंही खोलली. तीन वाजता जीप सरळ रेषेत थांबली.

गुरुवारी सकाळी सातला मी देवणीला पोचलो. आई पुढच्या सीटवर बसली. चावी फिरवायच्या आधी मी बोललो.

"आई, त्या दिवशी गंगाधरची गाडी मी नुसती बघितली होती. खोलली नव्हती."

ती समोरच्या काचेकडे पाहत राहिली. तिला किती दिसत होतं कोण जाणे.

"बघितली होती न्हवं?"

"हो."

"मग बास. चल बाबा, उशीर व्हायलाय."

तिला फरक कळला नाही, की कळूनही तिने मला मोकळं केलं, हे मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर होत नाही. लातूरपर्यंत ती गंगाधरबद्दलच बोलत होती. लहानपणी तो शेतातून बैलगाडीने यायचा. उतारावर गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड सरकवायचा.

"कुणी सांगावं लागायचं न्हाई त्याला," ती म्हणाली.