चमचाभर दही-साखर

दह्याचा डबा उघडला की मला आयर्लंडमधल्या नावन गावातली ती सकाळ आठवते. लॉकडाऊनमुळे मी दादा-वहिनीकडे राहून विद्यापीठाची परीक्षा ऑनलाइन, कॅमेऱ्यासमोर देत होतो. बाहेर पाऊस, खोलीत रेडिएटरवर वाळणाऱ्या कपड्यांचा कुबट वास. मी दही-साखर न खाताच पेपरला बसलो हे वहिनीच्या लक्षात आलं. ती दबक्या पावलांनी आली, चमचा माझ्या तोंडाशी धरला आणि मी सवयीने आ केला. स्क्रीनवर फक्त तिचा हात दिसला, पण पेपर रद्द झाला. चौकशीत मी सगळं समजावलं. प्राध्यापक गोड हसून म्हणाले, “लव्हली कस्टम! पण खोलीत दुसरी व्यक्ती होतीच ना?” दादा वहिनीवर खेकसला, “अगं, अडाण्यासारखं काय वागतेस?” नागपूरला एम.एस्सी. करून आलेली वहिनी रेडिएटरवरचे कपडे काढून घड्या घालू लागली. फेरपरीक्षेच्या दिवशी घर चिडीचूप होतं. पेपर संपल्यावर खिडकीतून पाहिलं, तर ती बाहेर गाडीत बसून होती. कुणीही सांगितलं नसताना. आज माझी पदवी त्यांच्या हॉलमध्ये टांगलेली आहे. दादा ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतो, आणि वहिनी चहा टाकायला उठते.