दाजींचं दुखणं

दुखणं ही गोष्ट फक्त इतरांना होते, अशी माझ्या थोरल्या साडूंची उभा जन्म ठाम समजूत होती. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. नागापूरच्या कारखान्यात बोट मशिनीत सापडलं, तेव्हा ते रुमालात गुंडाळून त्यांनी पाळी पूर्ण केली होती. घरात कुणी डोकं दुखतंय म्हणालं, की रजा मागायला आलेल्या कामगाराकडे बघावं तसे ते त्याच्याकडे बघायचे. अशा माणसाने आपली मूळव्याध कितीतरी दिवस ‘अंगातली उष्णता’ म्हणून खपवली, यात नवल नव्हतं. रक्त फारच जायला लागलं, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, त्यांना नगरला नेऊन ऑपरेशन करून आणलं. नातेवाइकांना मात्र दाजींनी हर्नियाचं सांगितलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की दुखायची वाट न बघता गोळ्या वेळेवर घ्या, कोमट पाण्याच्या टबात बसा, भरपूर पाणी प्या आणि रात्री इसबगोल घ्या. दाजींनी यातलं फक्त पाणी मान्य केलं. गोळी घेणं त्यांना हार मानल्यासारखं वाटे आणि टबात बसणं हा पोरखेळ. मी भेटायला गेलो, तर ते कुशीवर पडून बातम्या बघत होते आणि उशी घामाने भिजली होती. संडासला जायच्या धास्तीने त्यांनी जेवणच सोडलंय, असं ताईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मी जवळ जाऊन बसलो. पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, “पाव्हणं, लई दुखतंय.”

ताईंनी लगेच मऊ भात भरवला, गोळी दिली, पाणी कोमट केलं. थोड्या वेळाने न्हाणीतून असा मोकळा सुस्कारा ऐकू आला, की दाराबाहेर ताईंना हसू फुटलं. त्या दिवसापासून दाजी टबाचे भक्त झाले. हर्नियाची चौकशी करायला श्रीरामपूरहून आलेल्या चुलत्यांना त्यांनी टबाचे फायदे इतक्या तपशिलात सांगितले, की चुलत्यांना जे कळायचं ते कळलं.

आता ते ठणठणीत आहेत. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो, तेव्हा ताई भाजी घेऊन आल्या, कठड्याला धरून एकेक पायरी चढत. त्यांचे गुडघे फार वर्षांपासून दुखतात. त्या घरात त्याविषयी बोलणं कधी निघालं नव्हतं. दाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

“तुला लई दुखतं का गं?”

ताई पिशवी हातात धरून दारातच थांबल्या.

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच वर आल्या आल्या खुर्चीत बसल्या.