एक रहिवासी

कॉलेजात लेखनाचा नवा विषय सुरू झाला आणि पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने आपापला ब्लॉग उघडायचा. वहीतलं फक्त मी वाचते, ब्लॉगवरचं कोणीही वाचेल, म्हणजे जरा जपून लिहाल. मला ते काही पटलं नाही. बाईंना स्वतःच्या पीएचडीसाठी आमचं लिखाण फुकटात हवं असणार, असा तर्क मी लगेच बांधला. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "तुला ना यार, देवळातल्या प्रसादावरपण डाऊट येतो."

खोटं नव्हतं. हा स्वभाव मला बाबांकडून आला आहे. ते दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचतात, आणि बँकेचा मेसेज आला की तो खरा आहे का, हे बँकेत जाऊन विचारतात. ब्लॉग म्हटल्यावर ते म्हणाले, "त्यात आपला पत्ता, फोन नंबर जातो का? लिंक पाठव, मी चेक करतो." मी पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी "ठीक आहे" म्हटलं आणि विषय तिथेच संपला, असं मी समजले.

त्या वर्षी आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं घाटत होतं. इमारत तीन मजली, जुनी, बिनलिफ्टची, आणि आम्ही वरच्या मजल्यावर. सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या, एक बाबा सोडून. बिल्डर आपल्याला भाड्याच्या घरात पाठवेल, चार महिने भाडं देईल आणि काम अर्धवट टाकून गुल होईल, याची त्यांना खात्रीच होती. मीही त्यांच्याच बाजूची. खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसणारं ते घर मला सोडायचं नव्हतं. बाबा सही करत नव्हते तोवर मी निर्धास्त होते.

मग मॅडमनी ती असाइनमेंट दिली. तुमचं मत जिथे सगळ्यात पक्कं आहे, तिथे बरोबर उलट बाजूने लिहायचं. शिवाय ही असाइनमेंट आहे हे ब्लॉगवर सांगायचं नाही, कारण सांगितलं की वाचणारा सांभाळून घेतो. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं. मी ठरवलं, इमारत पाडावी असं लिहायचं. पण मुद्देच सुचेनात. मुद्दे शोधायला म्हणून मी इमारतीतली गैरसोय बघत हिंडू लागले, तेव्हा दिसलं, की भाजी घेऊन येताना आई दुसऱ्या मजल्यावर थांबते. पर्स उघडते, चावी शोधते आणि मग पुढे चढते. रोज. मी ते जसंच्या तसं लिहून टाकलं. आपल्याला बिल्डरची भीती वाटते आणि जिन्याची मात्र सवय झाली आहे, असं एक वाक्यही जोडलं. स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

वर्गातल्यांच्या कमेंट आल्या, झकास, एक नंबर वगैरे. कमेंटलाही मार्क होते. मग 'एक रहिवासी' या नावाने एक आली: 'बिल्डरने भाडे देणे थांबविल्यास काय करावे, हे कृपया कळवावे.' माझं डोकंच फिरलं. ही सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची भाषा, म्हणजे सेक्रेटरीकाकाच. लिंक कोणीतरी फोडली होती. मी मैत्रिणीला धरलं, तर ती म्हणाली, "मला तुमच्या बिल्डिंगचं काय पडलंय गं?" तिच्यावरचा संशय काही गेला नाही.

उत्तर देणं भागच होतं. आधी बँक गॅरंटी घ्यावी, म्हणजे बिल्डरने हात वर केले तरी पैसे बँक देते, आणि ती करारात लिहून घ्यावी, असं शोधूनबिधून लिहिलं. त्यावर पुन्हा प्रश्न: 'आई जिन्यात थांबतात हे आपण पाहिले आहे, की लेखापुरते आहे?' आता मात्र मी भडकले. लिहिलं, 'पाहिलं आहे. तुम्ही याच इमारतीत राहून पाहिलं नाही, याचं नवल वाटतं.' त्यानंतर रहिवासी गप्प झाला.

पुढे एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "सही केली आज. तुझी ती बँक गॅरंटी आधी करारात घालायला लावली." ते खाली ताटाकडे बघत म्हणाले, "आणि याच इमारतीत राहून पाहिलं नाही, हे बरोबर बोललीस."

"बाबा, ती कॉलेजची असाइनमेंट होती. उलटं लिहायचं होतं. मला नाही जायचंय इथून." मला रडूच फुटलं.

बाबांनी माझ्याकडे बिल्डरकडे बघतात तसं पाहिलं. "आईचंपण उलटं लिहिलंस?"

"नाही. ते खरंय."

"मग झालं तर."

आई आमटी वाढता वाढता थांबली. "कोण थांबतं जिन्यात? मी चावी शोधत असते."

सध्या आम्ही कांदिवलीत भाड्याने राहतो. जुनी इमारत पाडली, नवी वर येते आहे, आणि बिल्डरवर बाबांपेक्षा माझाच डोळा जास्त असतो. ते घर आठवलं की अजून वाईट वाटतं. इथे लिफ्ट आहे. आई खाली लिफ्टपाशी येते, पर्समध्ये हात घालते आणि चावी तिला लगेच सापडते.