कॅम्पात नेलेला शिधा

फाळणीनंतर कल्याण कॅम्पात सिंधी माणसं यायला लागली, तेव्हा माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. उल्हासनगर हे नाव अजून पडलं नव्हतं. लढाईच्या काळात बांधलेल्या लष्करी बराकी रिकाम्या होत्या, त्यांत ही कुटुंबं आणून ठेवली होती. एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं आणि मधे गोणपाटाचे पडदे. आम्ही अंबरनाथला राहायचो. माझे यजमान तिथल्या एका कारखान्यात कारकून होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

सासूबाई सोवळ्यातल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी कांदा-लसूण तोंडात घातलेला नव्हता आणि परक्या हातचं त्या पाणीसुद्धा पीत नसत. पण लग्नकार्य कुणाकडेही असो, स्वयंपाकाला पहिलं बोलावणं त्यांना यायचं.

आमच्या आळीतल्या पुरुषांनी निर्वासितांसाठी कमिटी काढली. अध्यक्ष होते रेल्वेतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क. भर उन्हात ते स्वतः दारोदार फिरले आणि तांदूळ, तूरडाळ, गूळ गोळा केला. देवळामागच्या पडवीत चुली मांडल्या. सासूबाई मुख्य आणि आम्ही सात-आठ बायका हाताखाली. रोज सकाळी भात आणि आमटी करायची आणि बैलगाडीनं कॅम्पात पाठवायची. कमिटीतल्या कुणीतरी म्हटलं, नुसतं वरण पुरे. सासूबाईंनी ऐकलं नाही. "घरदार सोडून आलीत बिचारी, त्यांना पाणचट कशाला द्यायचं?" म्हणून त्यांनी घरचा गोडा मसाला काढला, आमसुलं काढली आणि गूळ चांगला सढळ हातानं घातला.

आठवडा गेला असेल. गाडीवान भांडी उतरवता उतरवता म्हणाला, "आजी, रागावू नका, पण ती लोकं भात टाकून देतात."

पडवीत एकदम गलका झाला. एवढी महागाई, घरच्या डब्यातले तांदूळ काढून दिले आणि हे टाकतात? अध्यक्ष म्हणाले, "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक लागली की माणूस चव बघत नाही. ह्यांना अजून लागलेली दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "चल, बस."

बराकीच्या मागे खरंच भाताचा ढीग पडला होता आणि त्यावर कावळे बसले होते. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. अन्न टाकलेलं त्यांनी आमच्या घरात कधी खपवून घेतलं नव्हतं. तेवढ्यात त्यांच्याच वयाची एक बाई आतून आली. तिला थोडं हिंदी येत होतं आणि मला बाजारापुरतं. सासूबाईंना फक्त मराठी. त्यामुळे दोघींच्या मधे मी.

मी विचारलं, "खाना क्यों फेंका?"

बाईनं आधी माझ्याकडे, मग सासूबाईंकडे पाहिलं. "अदी," ती त्यांनाच म्हणाली. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात हे मला नंतर कळलं. "अदी, दाल में गुड़ कौन डालता है?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. मी मराठीत सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला. "मग ह्यांच्यात काय घालतात, ते विचार," त्या म्हणाल्या.

बाईनं आम्हाला आत नेलं. खाटेवर तिचा नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिकडे त्यांचं धान्याचं दुकान होतं. गव्हाच्या मुलखातली माणसं, भात खायची ते कधीमधी. दोन्ही वेळा भात म्हणजे त्याच्या मते आजाऱ्याचं जेवण. "ये कहता है, मैं बीमार नहीं हूँ, मुझे बीमार का खाना क्यों देते हैं," बाई म्हणाली. आणि थाळी घेऊन रांगेत उभं राहायला तो तयारच नव्हता. ती एकटी उभी राहायची, दोघांचं आणायची, तो तोंड लावायचा नाही. मग सगळा भात तिच्या एकटीच्यानं जायचा नाही. "आटा दे दो, प्याज़ दे दो. पका तो हम लेंगे."

परतताना अर्ध्या वाटेत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातचं आजवर कुणी टाकलं नव्हतं."

घरी येऊन त्यांनी आंघोळ केली, जप केला आणि मग मला हाक मारली. "मी कुणाकडे मुक्कामाला गेले तर ते मला काय देतात?"

"शिधा देतात. डाळ, तांदूळ, कोरडं सगळं."

"का? मी माजलेय म्हणून?"

"नाही. तुम्हाला दुसऱ्याच्या हातचं चालत नाही म्हणून."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या. "त्यांनाही शिधा द्यायचा."

कमिटीच्या बैठकीत बायका बसत नसत. सासूबाई दाराआडून बोलल्या. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अडचणी सांगितल्या. आपला हा भाताचा मुलूख, घरोघरी गहू असतो तो सणाच्या पोळ्यांपुरता, तो आणायचा कुठून? कोरडं पीठ दिलं की लोक ते विकणार. आणि बराकीत चुली पेटल्या तर एखाद्या दिवशी आग लागेल. शेवटी म्हणाले, "वहिनी, दान घेणाऱ्यानं इतकी चिकित्सा करू नये."

"शिध्याला कुणी दान म्हणत नाही," सासूबाई म्हणाल्या.

बराच वेळ वाद चालला. सरतेशेवटी मधला मार्ग निघाला. भात-आमटी चालू ठेवायची, पण गूळ न घालता. कारण भात खाणारी सिंधी कुटुंबंही कॅम्पात होती, त्यांची तक्रार फक्त गोडाची होती. ज्यांना नको असेल त्यांना गव्हाचं पीठ आणि कांदे. गहू बदलापूरच्या एका व्यापाऱ्यानं दिले. कांद्याच्या गोणीला सासूबाई हात लावेनात. "ते खातं तुझं," त्या मला म्हणाल्या.

अध्यक्षांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका बराकीतला पडदा पेटला. कुणाला इजा झाली नाही, पण त्यानंतर चुली बाहेर चिंचेखाली मांडायला लावल्या. काहींनी पीठ विकलंही. अध्यक्षांनी ते सासूबाईंना मुद्दाम येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेल-मिरची घ्यायची असेल. नुसतं पीठ कोण खाईल?"

त्या बाईकडे तवा नव्हता. सासूबाईंनी आमच्या घरातला एक जुना लोखंडी तवा तिला पाठवून दिला.

पंधरा-वीस दिवसांनी ती चालत आमच्या घरी आली. पदराखाली फडक्यात बांधलेली जाडसर पोळी होती. ती त्यांची कोकी. सासूबाईंनी तिला ओटीवर बसवलं आणि मला विचारायला सांगितलं, "कांदा आहे का?"

भरपूर होता. बाईनं जीभ चावली, म्हणाली, पुढच्या वेळी बिनकांद्याची आणीन.

"तिला सांग, मला कशीच चालत नाही," सासूबाई म्हणाल्या. मी चाचरत सांगितलं. मला वाटलं बाई दुखावेल. पण ती हसली. "हमारी बुआ भी ऐसी थी. किसी के हाथ का नहीं खाती थी." मग तिनं कोकी माझ्यापुढे सरकवली. मी तिथेच बसून खाल्ली. सासूबाई बारकाईनं बघत होत्या.

"मऊ आहे?"

"नाही, खुसखुशीत."

"मोहन काय घातलंय?"

मी विचारून सांगितलं, तेल. सासूबाईंनी मान हलवली.

पावसाच्या तोंडावर सरकारी शिधा सुरळीत झाला आणि आमच्या चुली विझल्या. त्या बाईचा नवरा कधीतरी खाटेवरून उठला. खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन तो चिखलोली, बदलापूर, पार वांगणीपर्यंत फिरायला लागला. जाता-येता आमच्या ओटीवर टेकायचा. बोलायचा फार कमी. सासूबाई आतून मला म्हणायच्या, "आज काय जेवलेत, विचार." तो सांगायचा, मी मराठीत सांगायचे, आणि त्या दाराआडून नीट ऐकून घ्यायच्या. कधी कधी म्हणायच्या, "त्यात हिंग घालत नाहीत का?" मग तेही मी विचारायचे.